दोन बोटांची जागा

मुलीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी मला ताप आला. संध्याकाळी खोकला सुरू झाला. सकाळी मला वाक्य पुरं करता येईना. दुपारी मला कार्ल्याहून लोणावळ्याला आणि तिथून पुण्याला नेलं. मुलगी कार्ल्यात राहिली.

ही दुष्काळाच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मी लोणावळ्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. तिथे येणाऱ्या एका बाईंचा भाऊ सध्या पुण्यात श्वासाच्या यंत्रावर आहे. माझ्या गळ्यावरची खूण बघून त्यांनी परवा विचारलं, "तुम्हीही होतात ना त्यावर? आत माणसाला काय कळतं हो?" मागे दोघेजण पुस्तकं बदलून घ्यायला उभे होते. उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून त्या बाईंसाठी हे लिहिते आहे. हळूहळू लिहिते. गेल्या पौषात आई गेली, तेव्हापासून माझी सगळीच कामं हळू होतात.

कार्ल्यातली खोली

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी कार्ल्याला गेले होते. आमचं घर भाताच्या खाचरांच्या कडेला. भात झोडून झालं होतं, ओटीवर पोती रचलेली होती. आतल्या खोलीची खिडकी आईने गोणपाटाने बंद केली होती. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि शेपा. माझे कान बांधलेले आणि पोटाला पट्टा.

त्या पट्ट्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट मोकळं ठेवत नाहीत. पोट रिकामं झालेलं असतं, त्यात वारा शिरतो, आणि एकदा शिरलेला वारा बाईला जन्मभर पुरतो, असं मानतात. कंबरदुखी, धाप, सुटलेलं पोट, सगळं त्या वाऱ्याच्या खात्यावर. म्हणून जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडायची आणि पोटाभोवती फेरे देऊन आवळून गाठ मारायची. हे काम आई फार चांगलं करायची. कार्ल्यात कोणी बाळंत झाली की आईला बोलावणं यायचं. ती बाईला भिंतीशी उभी करायची, तोंडाने काहीबाही विनोद करत फेरे द्यायची आणि शेवटी पट्ट्याखाली बोटं सरकवून बघायची. मग पदराला हात पुसून म्हणायची, "चला, पॅक झालं पारसल."

मी शिकलेली. शरीरशास्त्राची सोपी पुस्तकं मी वाचली होती. पोटात वारा शिरत नाही हे मला माहीत होतं. तरी तो पट्टा बांधल्यावर पाठीला आधार मिळायचा, हेही खरं होतं. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. पट्ट्याने कोणाचं वाईट झाल्याचं आजपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं.

पांढरं

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि पुण्याला नेण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. आमचे हे रेल्वेच्या इंजिन शेडमधून तसेच आले होते, हाताला ग्रीस. चिठ्ठी घेताना कागदावर बोटं उमटली.

पुण्याच्या रुग्णालयात एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि यांना सांगितलं, "दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्यात."

आई मागे उभी होती. तिने विचारलं, "पांढरं म्हंजी चांगलंच की वो?"

तरुण डॉक्टर पुढचा कागद भरायला लागले. मी स्ट्रेचरवरून तिच्याकडे बघत होते. त्या क्षणी मला भीती वाटली ती मरणाची नव्हती. आईला हे कोण समजावून सांगणार, याची वाटली.

फुप्फुसात हवेच्या जागी पाणी भरलं होतं. न्यूमोनिया म्हणाले, मग आणखी काही म्हणाले. नावं सांगून उपयोग नाही. ज्यांच्या घरात हे चाललं आहे त्यांना ती नावं पाठ असतात, आणि बाकीच्यांना नको असतात.

यंत्र

आधी तोंडातून नळी घातली. पुढे गळ्याला भोक पाडून तिथून. नळी आली की आवाज जातो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. जाग आल्यावर मी हाक मारली आणि हाक आलीच नाही. तुमचं माणूस तिथे असेल तर त्याला हे आधी सांगा. आवाज परत येतो, हेही सांगा.

यंत्र पलंगाच्या डाव्या बाजूला होतं. भाता वर-खाली व्हायचा आणि ठरलेली हवा माझ्या आत ढकलायचा. ती ढकलायला किती जोर पडला ते एका तबकडीवर काटा दाखवायचा. बाहेर पडणारी हवा एका नळीतून काचेच्या बाटलीत जायची. नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असायचं, म्हणून प्रत्येक श्वासाला बाटली गुडगुडायची. नळी जितकी खोल, तितका थोडा दाब आत शिल्लक राहायचा आणि फुप्फुसाच्या मिटलेल्या पिशव्या उघड्या राहायच्या. हे मला पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी फक्त गुडगुड ऐकत पडलेली असायची.

आत काय कळतं, असं त्या बाईंनी विचारलं होतं. सगळ्यात जास्त कळतं ते हे की श्वास आपला राहत नाही. तो आपल्या आधी येतो. आपल्याला नको असतो तेव्हा येतो, आणि हवा असतो तेव्हा थांबून राहतो. भांडलं तर छाती दुखते. मी भांडायची आणि दमायची, की ते सुई द्यायचे. सुईने झोप यायची. झोपेत मला कार्ल्याच्या ओटीवरची पोती दिसायची, एकावर एक.

थकवा म्हणजे काय हे मला तिथे समजलं. पापणी उघडायचं ठरवावं लागायचं.

आई

तिथे सिस्टर एक आणि पलंग पुष्कळ. अंग पुसणं, कूस वळवणं, कपडे बदलणं हे नातेवाईकांनीच करायचं. ते आई करायची. सकाळी कोमट पाण्याने माझं अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची. दिवसभर व्हरांड्यात बसायची. संध्याकाळी भेटीच्या वेळेला परत यायची आणि घंटा झाली तरी हलायची नाही.

"मावशी, वेळ संपली," सिस्टर म्हणायच्या. "तुमची लेक काही पळून जात नाही."

"पळाली तर बरंच की वो सिस्टर. घरीच येईल."

सिस्टर हसायच्या. त्या कडक होत्या, पण आईशी त्यांचं जमलं होतं. आई त्यांना कार्ल्याचा इंद्रायणी तांदूळ आणून देणार होती. कितीतरी दिवस देणारच होती.

संध्याकाळी जाण्याआधी आई चादरीखाली हात घालायची आणि माझ्या पोटाला पट्टा बांधायची. सकाळी अंग पुसताना सोडायची, दिवसभर पाठ कोरडी राहावी म्हणून सोडलेलाच ठेवायची, संध्याकाळी पुन्हा बांधायची. डॉक्टरांची फेरी सकाळी. सिस्टरने एकदा पट्टा बघितला होता. पण बाळंतिणीचं पोट रुग्णालयातही बांधतात, त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही वाटलं नाही.

बांधताना आई कानाशी बोलायची. "दिसभर ह्यो वारा कोंबत्यात तुज्यात, सुमे. त्यांचं बी बराबर आसंल, आपून न्हाई म्हनत न्हाई. पर बाळतिनीच्या प्वाटात वारा ऱ्हाता कामा न्हाई. म्या हाय न्हवं. घट बांदते. तू निजून ऱ्हा."

तिने बघितलं होतं ते असं. एक यंत्र सकाळ-संध्याकाळ तिच्या बाळंत मुलीच्या आत वारा भरतं आहे. तो वारा फुप्फुसात जातो, पोटात नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. जे तिला जन्मभर माहीत होतं त्यातला हा सगळ्यात मोठा धोका होता, आणि त्यावरचा उपाय तिच्या हातात होता.

त्या हातांची मी वाट बघायची. सबंध दिवसात ओळखीचं असं तेवढंच असायचं. लुगड्याला घरातल्या धुराचा वास होता. ती फेरे देत असली की मी कार्ल्यात असायची. श्वास त्यानंतर जड व्हायचा का? व्हायचा. पण तिथे सगळंच जड होतं. कुठला जडपणा कशाचा, हे निवडायची ताकद माझ्यात नव्हती.

काटा

पुढचं काही मी ऐकलेलं आहे, काही यांनी सांगितलेलं, आणि काही मोठ्या डॉक्टरांनी नंतर तपासणीच्या वेळी समजावलेलं.

सकाळी काटा बरा असायचा आणि संध्याकाळनंतर चढायचा. तबकडीवर तांबडी खूण होती, तिथे टेकायचा. इतक्या जोराने हवा गेली तर फुप्फुस फाटेल, ही तरुण डॉक्टरांची भीती. म्हणून ते हवा कमी करायचे आणि बाटलीतली नळी वर घ्यायचे. काटा उतरायचा, पण माझी नखं निळी पडायची. सकाळी सगळं पुन्हा वाढवायचे. रोज असंच. आजार रात्री बळावतो, असा सगळ्यांनी अर्थ काढला होता. रोज सकाळी मी आदल्या दिवशीपेक्षा थोडी मागे असायची.

एका संध्याकाळी मोठे डॉक्टर घरी न जाता थांबले. सावकाश बोलणारे, केस पिकलेले, बुशशर्टाच्या खिशात नेहमी विड्याच्या पानाची पुडी. तरुण डॉक्टर म्हणाले, "सर, आज आणखी कमी करावं लागेल. काटा बघा."

"आणि नखं?"

"नखं निळी आहेत."

"मग कमी कसं करणार? वाढवायला हवं."

"वाढवलं तर फाटेल, सर."

"काटा जो जोर दाखवतोय तो फुप्फुसावर पडतोय की छातीवर, हे काट्याला माहीत नाही. मलाही नाही. ते कळल्याशिवाय मी कशालाच हात लावणार नाही."

हे सगळं माझ्या अंगावरून चाललं होतं. माझे डोळे मिटलेले होते, पण मी जागी होते. माझ्या जिवाबद्दल दोन माणसांचं एकमत होत नाही, एवढं मला समजलं.

मग माझ्या नाकातून एक बारीक नळी घातली. तिच्या टोकाला पातळ रबराचा छोटा फुगा होता, हातमोज्याच्या बोटासारखा. तो अन्ननलिकेत, छातीच्या मधोमध नेऊन ठेवला. नळीचं दुसरं टोक एका लाकडी फळीवर लावलेल्या इंग्रजी यू आकाराच्या काचेच्या नळीला जोडलं. त्या काचेत पाणी होतं, आणि दिसावं म्हणून त्यात तांबडी शाई टाकली होती. फुप्फुसाच्या बाहेर, छातीच्या आत जो दाब असतो तो हा फुगा पकडतो आणि पाणी तेवढं चढतं. काट्यातून पाणी वजा केलं की उरतं ते खरं फुप्फुसावरचं ओझं. मोठे डॉक्टर तरुण डॉक्टरांना म्हणाले, "असली मोजमापं यांच्या लोणावळ्यात योगाभ्यासी लोकांवर करतात. धडधाकट माणसं हौसेने फुगा गिळतात. आपण आजाऱ्याला का घालू नये?"

पाणी चढलं. खूप चढलं. तरुण डॉक्टरांनी काट्यातून ते वजा केलं.

"फुप्फुसावर फारसं काही नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "सगळा जोर बाहेरून आहे. कोणीतरी दाबतंय. पोट फुगलंय का तिचं?"

त्यांनी चादर वर केली, झगा वर केला. पट्टा दिसला.

गाठ

"हे कोणी बांधलं?"

सिस्टरने दाराकडे बघितलं. आईला बाहेर काढलं होतं, पण ती दारातच उभी होती.

"म्या," आई म्हणाली. "म्याच बांदलं."

"रोज?"

"रोज सांजच्याला."

"अहो मावशी!" सिस्टरचा आवाज चढला. "जीव घेतला असतात ना पोरीचा! एक शब्द विचारायचा तरी!"

"सिस्टर," मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही हा पट्टा बघितला होतात. मी रोज पोट तपासत होतो, आणि संध्याकाळी एकदाही आलो नाही. या मावशी, आत या. तुम्हीच सोडा."

आई आली. गाठ सुटेना. तिने ती आवळून मारली होती. सिस्टरने कात्री पुढे केली. डॉक्टरांनी मानेने नको म्हटलं. आईने दात लावले. माझ्या पोटावर वाकून तिने दातांनी गाठ सैल केली. तिचा श्वास मला लागत होता, भरभर.

गाठ सुटली आणि फेरे ढिले झाले. तांबडं पाणी खाली आलं. मी ते बघितलं नाही, मला ते आतून कळलं. छातीवर कोणी बसलेलं उठावं तसं. तबकडीवरचा काटाही तांबड्या खुणेवरून मागे आला.

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि बाटलीतली नळी जरा जरा खोल बुडवत गेले. दर वेळी पाणी बघायचे, काटा बघायचे, माझी नखं बघायचे. एवढी खोल नळी त्याआधी कधीच गेली नव्हती. गुडगुड जाड झाली. सिस्टर जेवायला जाऊन आल्या तेव्हा माझी नखं गुलाबी झाली होती.

आई फळीजवळ उभी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे भात पिकतो ना? पोत्यात भरता?"

"व्हय."

"पोतं बाहेरून दोरीनं आवळलेलं असेल, तर आत भात घालायला जोर लागेल की नाही? तो जोर भाताला नाही लागत, दोरीला लागतो. आम्हाला आतापर्यंत जोर दिसत होता, दोरी दिसत नव्हती. एवढंच झालं. वारा पोटात जात नाही हो, छातीत जातो. हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं."

"व्हय," आई म्हणाली. तिने पट्टीची घडी केली, लहान, मग आणखी लहान.

बाहेरच्या व्हरांड्यात हे तिला जे बोलले ते त्यांनी मला कित्येक वर्षं सांगितलं नाही. ते म्हणाले होते, "आई, तुम्ही मारलं असतंत तिला."

आणि आई म्हणाली होती, "व्हय, जावयबापू."

त्यानंतर

फुगा आणि ती फळी पुढे बरेच दिवस माझ्या उशाशी होती. काटा आणि पाणी दोन्ही बघून डॉक्टर यंत्र कमी-जास्त करायचे. सकाळी चांगली आणि रात्री वाईट, हे थांबलं. बरं होणं फार सावकाश होतं. एक दिवस यंत्र थोडा वेळ बंद केलं आणि मी स्वतः श्वास घेतला. ते काम भाताची लावणी करण्याइतकं जड होतं. ज्यांचं माणूस आता त्या टप्प्यावर आहे त्यांनी त्याला घाई करू नये. "प्रयत्न कर" म्हणू नये. ते दुसरं काहीच करत नसतं.

आई यायची. पण मला हात लावायची नाही. अंग पुसायला तिने यांच्या बहिणीला बोलावून घेतलं. स्वतः पायथ्याशी उभी राहायची, दोन्ही हात पदराखाली, आणि पाण्याकडे बघायची.

"आज किती हाय पानी?" सिस्टरला विचारायची.

"कालच्याएवढंच, मावशी."

"चडलं न्हाई न्हवं?"

"नाही हो."

मला पाटी दिली होती. मी त्यावर लिहिलं, "आई, हात दे." आईला वाचता येत नव्हतं. सिस्टरने वाचून दाखवलं, "हात मागतीय तुमचा." आई पुढे आली. तिने बोटांची टोकं माझ्या मनगटावर ठेवली, तापलेल्या तव्याला लावावीत तशी, आणि काढून घेतली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता डागदर बगत्यात."

घरी आले तेव्हा मुलगी मला ओळखत नव्हती, आणि तिने ओळखावं असं माझ्यात काही उरलंही नव्हतं. ती गुटगुटीत झाली होती. माझ्या वहिनीच्या अंगावर दूध होतं, तिचा मुलगा अजून पीत होता. तिने एका बाजूला त्याला आणि एका बाजूला माझ्या मुलीला घेतलं होतं. या सगळ्यात जर मला कुठे दया भेटली असेल तर ती तिथे. मी आभार मानायला लागले तेव्हा वहिनी म्हणाली, "लय नगं बोलू, धाप लागंल. हिला घे आन् जरा बस."

हे आणि आई, दोघं एकमेकांशी नीट बोलायचे, पण गरजेपुरतं. दिवाळीला कार्ल्याला गेलो की हे ओटीवर बसायचे, आई आत. मी मध्ये. मला वाटायचं, आपण वाचलो आहोत तर आता हे मिटायला हवं. पण वाचणं ही माझी गोष्ट होती. त्या दोघांची गोष्ट त्या व्हरांड्यातच राहिली होती.

आणि आईने पट्टे बांधणं सोडलं. गावातून बोलावणं आलं की सांगायची, "माजा हात नगं." बायका म्हणायच्या, शहरात जाऊन आली, आता म्हातारीला आमची घरं आवडत नाहीत. तिने कोणाला कारण सांगितलं नाही.

वहिनीचं बाळंतपण

तीन-चार वर्षांनी वहिनी पुन्हा बाळंत झाली. मी लोणावळ्याहून एस.टी.ने गेले. वहिनी खोलीत पडून होती, पोट मोकळं. शेगडी होती, ओवा होता, पट्टा नव्हता.

"पाठ लय दुकतीया," वहिनी म्हणाली. "पर आत्यास्नी कसं सांगू?"

मी जुनं लुगडं शोधलं, लांब पट्टी फाडली आणि मागच्या दारी बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवली.

"बांध तिला."

"न्हाई."

"आई, तिच्या छातीला काही झालेलं नाही. धडधाकट आहे ती. पाठीला आधार हवाय."

"तू बांद मंग."

"मला कुठे येतं?"

तिने खूप वेळ पट्टीकडे बघितलं. मग उठली. "चल. म्या सांगते."

वहिनी भिंतीशी उभी राहिली. आई उंबऱ्यावर बसली, हात मांडीत. तिथून सांगत राहिली. खालून सुरू कर. हाडाच्या वर न्हाई, खाली. फेरा सपाट घे, दोरीवानी नगं. आता वड. आजून. बास. बाजूला गाठ मार, मधी न्हाई, निजताना टोचती. वहिनी म्हणाली, "आत्या, पारसल न्हाई म्हनलं तुमी," आणि आईच्या तोंडावर काही हललं.

मी गाठ मारली. आई म्हणाली, "आता बोटं घाल."

"कुठे?"

"पट्ट्याखाली. दोन बोटं. जात्यात का?"

जात होती. अडून, पण जात होती.

"दोन बोटं जायाच पायजेत. एक गेलं तर घट झालं, तीन गेली तर ढिलं. बाईला श्वास घ्याया जागा ठिवावी लागती. माज्या आईनं मला हेच आदी शिकवलं, फेरे मागनं."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि वहिनी त्याच्याकडे वळली. आई उंबऱ्यावरच होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तितं म्या बोटं घातली न्हाईत."

मी तिच्याकडे वळले.

"रोज घट करत गेले. वारा थांबना, मिशीन थांबना. मी भ्याले हुते, सुमे. बोटं घालायचं भानच ऱ्हायलं न्हाई."

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. तुझ्या हातांची मी वाट बघायची, हे सांगायचं होतं. सांगितलंही, जमेल तसं. तिने ऐकलं का, मला माहीत नाही. ती म्हणाली, "निखारे विजले बग," आणि शेगडी घेऊन चुलीकडे गेली. पण जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. पूर्ण हात.

आता

आई गेल्या पौषात गेली, थोड्याशा तापाने, दोन दिवसांत. रुग्णालयात नको म्हणाली. यांनी तिला मांडी दिली होती. शेवटचं पाणी त्यांनीच पाजलं.

वाचनालयातल्या बाईंना मी एवढंच सांगेन. भावाच्या उशाशी असलेलं प्रत्येक यंत्र काय करतं ते विचारा, आणि तुम्ही घरच्यासारखं काय काय करता तेही डॉक्टरांना सांगा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. त्याला हात लावत राहा.

माझ्या गळ्यावर खूण आहे. घाटाच्या बाजूचा चढ चढताना मला दोनदा थांबावं लागतं. मुलगी शाळेत जाते. कार्ल्यात कोणी बाळंत झाली की आता मला बोलावतात. मी जाते, पट्टा बांधते, आणि खाली दोन बोटं घालून बघते.